कोरी चिठ्ठी
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त इंदूर येथे झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचे शब्दांकन)



समितीच्या चिटणीसांनी मला विषयाचे पूर्ण स्वातंत्र्य दिले होते. जुना शिक्षक म्हणजे तो आठवणी सांगेल, चार नावे घेईल, दोन जणांचे डोळे पाणावतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. 'मतदाराचा नकाराधिकार' हा विषय मी कळवला तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी हळूच विचारले, "सर, त्यात राजकारण तर येणार नाही ना?" या व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाचे किंवा उमेदवाराचे नाव घेणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला आहे. तो शब्द पाळूनही या विषयावर पुष्कळ बोलता येते, आणि आपण इंदूरकरांनी तर ते बोललेच पाहिजे.

मात्र सुरुवात आठवणीनेच करतो. ती फारशी अभिमानाची नाही.

मी या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. वर्गप्रमुखाची निवड गुप्त मतदानाने व्हावी, असा माझा आग्रह असे. एका वर्षी आठवीच्या वर्गात दोन मुलगे उभे होते. त्रेचाळीस चिठ्ठ्या आल्या आणि मोजताना त्यांतल्या सात कोऱ्या निघाल्या. मला तो माझ्या शिकवण्याचा अपमान वाटला. मी वर्गाकडे वळून विचारले, "कोऱ्या चिठ्ठ्या कोणी टाकल्या? उभे राहा." बराच वेळ कोणी हालले नाही. मग एक मुलगी उभी राहिली. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, दोघेही मारतात." त्यावर मी काय उत्तर द्यावे? मी म्हणालो, "मग तूच उभी राहायचे होतेस." वर्ग हसला. ती खाली बसली. बाकीचे सहा जण शेवटपर्यंत उभे राहिले नाहीत, आणि ते शहाणे ठरले. कारण पुढचे काही दिवस ती मुलगी मधल्या सुट्टीत पटांगणावर न जाता वर्गातच डबा खात बसलेली मला दिसे. त्या दोन गोष्टींची सांगड घालण्याइतकी बुद्धी मला त्या वेळी झाली नाही.

गुप्त मतदानाचे महत्त्व फळ्यावर लिहून देणाऱ्या शिक्षकाने त्या दिवशी स्वतःच गुप्ततेचा भंग केला होता. मत देणाऱ्याची गुप्तता मी मानत होतो, मत नाकारणाऱ्याची मानत नव्हतो. पुढे माझ्या लक्षात आले, की आपल्या देशाचा निवडणूक नियमही अनेक वर्षे नेमके हेच करीत होता.

कागदी मतपत्रिकेच्या काळात नापसंती दाखवण्याची एक आडवाट उपलब्ध होती. मतपत्रिका कोरीच घडी करून पेटीत टाकावी, नाहीतर दोन ठिकाणी शिक्का मारावा. मत बाद होई, पण ते कोणाचे हे कोणाला कळत नसे. मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात झाला आणि २००४च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सर्वत्र यंत्रे आली. यंत्रांमुळे बाद मतांचा प्रश्न जवळजवळ मिटला, ही त्यांची मोठीच कामगिरी. परंतु त्याबरोबर कोरी मतपत्रिकाही गेली. यंत्रावर बटण दाबले की ते वाजते. पडद्याआड गेलेल्या माणसाने बटण दाबलेच नाही, तर यंत्र वाजत नाही आणि ती शांतता खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येते.

अशा मतदारासाठी निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये ४९-ओ नावाचा एक नियम होता. नोंदवहीत, म्हणजे नमुना १७-अ मध्ये, मतदाराचा क्रमांक लिहून झाला, त्याची सही झाली, आणि त्यानंतर त्याने मत न देण्याचे ठरवले, तर केंद्राध्यक्षाने त्याच्या नावापुढे तसा शेरा लिहावा आणि त्या शेऱ्यावर पुन्हा त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. एवढे सगळे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. म्हणजे ज्याला कोणीच नको, त्याने ते सर्वांदेखत सांगून त्यावर सही करायची!

शिक्षक म्हटला की निवडणुकीचे काम त्याच्या कपाळी लिहिलेलेच असते. येथे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांना साहित्य वाटपाच्या मैदानावरची ती रांग, यंत्राची पेटी मांडीवर घेऊन केलेला बसचा प्रवास आणि शाळेच्या बाकावर काढलेली रात्र वेगळी सांगायला नको. २००८च्या विधानसभा निवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो. केंद्र गिरणगावातल्या वस्तीत होते. दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. बोटाला शाई लागली, सही झाली आणि ते सरळ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मास्टर साहब, किसी को नहीं देना है। लिख लीजिए।" गिरणी बंद पडल्यापासून थकलेल्या पैशांसाठी ते वर्षानुवर्षे खेटे घालत होते, एवढेच त्यांनी सांगितले. मी नियमाप्रमाणे शेरा लिहिला आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी सावकाश, जोडाक्षरे नीट काढून सही केली. मागे बसलेल्या प्रतिनिधींपैकी एक जण हसत म्हणाला, "काका, नाम तो अब याद रहेगा।" त्यात धमकी होती की थट्टा, हे मी आजही सांगू शकणार नाही. काकांनी मात्र वळून पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ती आठवीतली मुलगी दिसली. या खेपेला मी नियम मोडलेला नव्हता. मी तो काटेकोर पाळला होता.

ज्यांना हा दोष माझ्या आधी दिसला होता, त्यांनी २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. ती पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेची. निवडणूक आयोगानेही २००१ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये नियमात बदल करण्याची शिफारस सरकारकडे केली होती. तिचे पुढे काही झाले नाही. अखेर २७ सप्टेंबर २०१३ रोजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आणि न्यायमूर्ती रंजन गोगोई यांच्या पीठाने निकाल दिला, की यंत्रावर 'यांपैकी कोणीही नाही' असे बटण असलेच पाहिजे. निकालाचा मुख्य आधार गुप्तता हाच होता. मत देणाऱ्याला जर गुप्ततेचे संरक्षण आहे, तर न देणाऱ्याला ते नाकारण्यास कोणतेही सयुक्तिक कारण नाही. निकालात एक सुंदर दाखला आहे. संसदेतल्या मतदान यंत्रावर सदस्यांसाठी तीन बटणे असतात : होय, नाही आणि तटस्थ. जी सोय प्रतिनिधीला आहे, ती त्याला निवडून देणाऱ्याला का नसावी?

त्याच वर्षाच्या अखेरीस पाच राज्यांच्या निवडणुकांत हे बटण प्रथम आले आणि आपला मध्य प्रदेश त्या पाचांत होता. २०१५ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने त्याला चिन्हही दिले : मतपत्रिकेवर काळी फुली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव 'नोटा' पडले. मराठी कानाला हा योग मोठा विचित्र वाटतो. निवडणुकीतील पैशाला कंटाळलेल्या माणसाने दाबायच्या बटणाचे नाव काय, तर नोटा! मी 'नकाराधिकार' हा शब्द वापरतो, तो थोडा या संकोचामुळेही.

आता या बटणात बळ किती, ते पाहू. नकाराला सर्वांत जास्त मते पडली तरी उरलेल्यांत ज्याची मते अधिक, तो विजयी होतो. अनामत रक्कम राखण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात. तो हिशेब करतानाही नकाराची मते बाजूला ठेवली जातात. म्हणजे ही मते मोजली जातात, जाहीर होतात, आणि तेथेच त्यांचा प्रवास संपतो. लोकसभेच्या २०१४च्या निवडणुकीत देशभरात सुमारे ६० लाख, २०१९ मध्ये ६५ लाख आणि २०२४ मध्ये सुमारे ६४ लाख मतदारांनी हे बटण दाबले. टक्केवारी प्रत्येक वेळी एकाच्या आसपास.

नकाराच्या दबावामुळे पक्ष चांगले उमेदवार देतील, अशी आशा निकालात व्यक्त झाली होती. ती फळाला आलेली नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागते. उमेदवारांच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रांवरून असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था जो तक्ता काढते, त्यानुसार २००९च्या लोकसभेत फौजदारी खटले नोंदवलेले सदस्य ३० टक्के होते, २०२४ मध्ये ते ४६ टक्के झाले. खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे खरे. तरी दिशा कोणती आहे, हे कळण्यास तेवढे पुरे.

ते आकडे वाचून अनेक जण म्हणतात, हे बटण म्हणजे खेळण्यातली शिट्टी आहे, काढून टाका. मी तसे म्हणत नाही. त्यामागे २०२४च्या उन्हाळ्यात याच शहराने पाहिलेली गोष्ट आहे.

आपला हा मतदारसंघ काही उदासीन नाही. एका मराठी भगिनीला त्याने लागोपाठ आठ वेळा लोकसभेत पाठवले आणि त्या पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांना मते देणारेही येथे बसले आहेत, विरोधात देणारेही असतील. पण दोन्ही बाजूंना मत देण्यासाठी कोणीतरी होते. २०२४ मध्ये अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, दोन मुख्य पक्षांपैकी एकाच्या उमेदवाराने माघार घेतली आणि तो प्रतिपक्षात गेला. १३ मेला मतदान होते. मधल्या दोन आठवड्यांत घराघरांत एकच वाद : जावे की न जावे? आमच्या घरीही झाला. ४ जूनला आकडे आले. विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मते. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५१,६५९. आणि 'यांपैकी कोणीही नाही' या ओळीला २,१८,६७४. त्यापूर्वीचा देशातील उच्चांक बिहारमधील गोपालगंजचा होता, २०१९ मधला, ५१,६६० मतांचा. आपण त्याच्या चौपटीहून पुढे गेलो.

या आकड्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. कोणी म्हणाले, हा एका पक्षाच्या आवाहनाचा परिणाम. कोणी म्हणाले, शहराचा स्वाभिमान. दोन्हींत तथ्य असेल. मला स्वतःला त्यात दिसते ते एवढेच, की दोन लाख अठरा हजार माणसे मेच्या उन्हात घराबाहेर पडली, रांगेत उभी राहिली, आणि निकालावर ज्याचा काडीचाही परिणाम होणार नाही हे ठाऊक असलेले बटण दाबून परत आली. त्यांतल्या कोणालाही नोंदवहीत शेरा लिहून घ्यावा लागला नाही. "नाम याद रहेगा" असे म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही. ४९-ओ असता तर या दोन लाखांतून दोनशे तरी पुढे आले असते का?

याच्या शेजारी दुसरे शहर ठेवून पाहा. त्याच निवडणुकीत सुरतमध्ये एका मुख्य पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला एकमेव उमेदवार निवडून आल्याचे घोषित झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे जागेइतकेच उमेदवार उरले, तर मतदानच होत नाही. म्हणून सुरतच्या लाखो मतदारांना त्या वर्षी बटण दाबण्याची वेळच आली नाही. ना होकाराचे, ना नकाराचे. इंदुरात मोजके अपक्ष आणि लहान पक्षांचे उमेदवार मैदानात टिकले, म्हणून आपल्याला यंत्र मिळाले. तेही गेले असते तर आपले दोन लाख अठरा हजार कोठे दिसले असते? त्यांचा हिशेबच झाला नसता.

'बिनविरोध' या शब्दाला आपल्या भाषेत मोठा गोडवा आहे. सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली की पेढे वाटतात. गावची झाली की सरकारे पारितोषिके देतात, आपल्या राज्यातही आणि गुजरातेतही. भांडणाशिवाय निवड झाली तर त्यात वाईट काय, हे मलाही समजते. परंतु विरोध नसणे आणि विरोध दिसू न देणे यांत फरक आहे. महाराष्ट्रात २०२१च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांचा चक्क लिलाव झाल्याचे समोर आले होते. लिलावात बोली जिंकणाऱ्याविरुद्ध कोणी अर्ज भरायचा नसतो. कागदावर ती निवड बिनविरोधच दिसते.

नकाराला अधिक बळ द्यावे, अशी मागणी आता वारंवार होते. नकार पहिल्या क्रमांकावर आला तर फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश महाराष्ट्र आणि हरियाणा या राज्यांच्या निवडणूक आयोगांनी २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरता काढलाही आहे. लोकसभा-विधानसभेला तो लागू नाही, आणि विधी आयोगाने २०१५च्या आपल्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस करण्याचे टाळले. महाराष्ट्राच्या २०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव येथे नकार दुसऱ्या क्रमांकावर होता, २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीतही. परंतु पहिल्याच्या तो फार मागे होता. म्हणून जेथे खरी लढत आहे, तेथे फेरनिवडणुकीचा प्रश्न सध्या तरी पुस्तकी आहे असे माझे मत आहे. खर्च दुप्पट होईल आणि तेच पक्ष तशीच माणसे पुन्हा देतील, हा आक्षेपही मला पोकळ वाटत नाही. माझ्या काही मित्रांना हे मत मिळमिळीत वाटते. वाटो.

माझा आग्रह आहे तो एकाच ठिकाणी. जेथे एकच उमेदवार उरला आहे, तेथे मतदान झालेच पाहिजे आणि यंत्रावर दोन ओळी असल्या पाहिजेत : त्याचे नाव, आणि त्याखाली नकार. कोणी म्हणेल, एकट्या उमेदवाराविरुद्ध कोण मत देणार? पोलंडमध्ये ४ जून १९८९ रोजी, आपल्या मतमोजणीच्या तारखेच्या बरोबर पस्तीस वर्षे आधी, तेथील सत्ताधाऱ्यांनी पस्तीस मान्यवरांची एक राष्ट्रीय यादी मतदारांपुढे ठेवली होती. त्या यादीला प्रतिस्पर्धीच नव्हता. निम्म्याहून अधिक मतदारांनी नाव खोडले नाही की माणूस निवडून आला, एवढी सोपी परीक्षा. मतदार आत गेले आणि पेन्सिलीने नावे खोडत सुटले. पस्तीसपैकी दोघे निवडून आले. लढत नव्हती, पर्याय नव्हता, हातात होता तो खोडण्याचा अधिकार. आणि तो गुप्त होता.

"मग तूच उभी राहायचे होतेस" हे मी आठवीतल्या मुलीला दिलेले उत्तर आज नकाराधिकाराच्या प्रत्येक चर्चेत कोणी ना कोणी देतेच. वरकरणी ते लोकशाहीवादी वाटते. पण लोकसभेला उभे राहायचे तर अनामतच पंचवीस हजारांची भरावी लागते, आणि तो सर्वांत लहान खर्च आहे. गिरणीचे पैसे थकलेल्या त्या काकांना मी हे उत्तर दिले असते का? बाजारात भाजी सडकी आहे म्हणणाऱ्याला आपण "मग शेती कर" असे सांगत नाही. ती मुलगी काय सांगत होती? वर्गात मारहाण होते, हे सांगत होती. वर्गशिक्षक म्हणून मला कळायला हवी होती ती बातमी सात कोऱ्या चिठ्ठ्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. मी तिचे उत्तर शोधण्याऐवजी पाठवणाऱ्याचे नाव शोधत बसलो.

पुढे मी माझ्या वर्गांपुरता एक बदल केला. वर्गप्रमुखाच्या निवडीनंतर फळ्यावर प्रत्येकाची मते लिहून झाली, की शेवटी 'कोऱ्या' असे लिहून तो आकडाही लिहीत असे, आणि त्यावर काही बोलत नसे. एकच अर्ज आला तरी चिठ्ठ्या वाटत असे. मुलांना ते गमतीचे वाटे. एका वर्षी एकटाच उभा असलेला मुलगा अठ्ठावीस विरुद्ध चौदा कोऱ्या चिठ्ठ्यांनी निवडून आला आणि मधल्या सुट्टीत मला येऊन विचारू लागला, "सर, ते चौदा जण कशामुळे रागावले असतील?" मी त्याला म्हणालो, मला ठाऊक नाही, तूच शोध, पण नावे विचारू नकोस.

सध्या शाळेत विद्यार्थी परिषद आहे आणि तिची निवडणूक बहुतेक वर्षी बिनविरोध होते, असे मला समजले. हीरक महोत्सवी वर्षापासून एकच उमेदवार असला तरी चिठ्ठ्या वाटाव्यात, आणि कोऱ्यांचा आकडा सूचना फलकावर लावावा, अशी विनंती मी मुख्याध्यापिकाबाईंना गेल्या आठवड्यात केली. "शिक्षकांच्या बैठकीत ठेवते," असे त्या म्हणाल्या आहेत. बैठकीतही चिठ्ठ्या टाकूनच ठरवा, एवढे मी त्यांना जाता जाता सुचवले.